शिवारातून सोसायटीत: वाघोली परिसरात कुत्र्याला वळण लावण्याचा इतिहास

कुत्र्याला वळण लावण्याची वाघोली परिसरातली सर्वांत जुनी पद्धत धनगरांची. पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने वाघोली मागे टाकली की पाऊस कमी होत जातो आणि पुढे माळराने लागतात. शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर या पट्ट्यात मेंढपाळांचे वाडे पावसाळा सरला की चाऱ्यामागे निघतात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. बिऱ्हाड घोड्यावर लादलेले असते आणि त्यातच कोकरे, कोंबड्या व कुत्र्यांची पिल्ले असतात. या पिल्लाला कोणी हुकूम शिकवत बसत नाही. डोळे उघडल्यापासून ते मेंढ्यांच्या वासात वाढते, कोकरांशेजारी झोपते आणि फार धसमुसळेपणा केलाच तर एखाद्या मेंढीची ढुशी खाते. मोठेपणी त्याला मेंढी भक्ष्य वाटत नाही. रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीबाहेर, काही हलले, की तेच आधी उठते.

या पद्धतीमागचे शास्त्र फार उशिरा लिहिले गेले. अमेरिकेतील बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात असते, त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. त्या काळात जे पाहिलेच नाही, त्याची पुढे भीती धरते. धनगराचे पिल्लू नेमके हेच आठवडे कळपात काढते. खोड लागू न देण्याचा हा मार्ग खोड मोडण्यापेक्षा कितीतरी सोपा आहे.

गावातल्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र हे शहाणपण क्वचितच आले. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेले भक्त, म्हणजे वाघ्ये, स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवतात आणि कोटंबा या भिक्षापात्रातून कुत्र्यासारखे खातात. म्हणजे याच मुलखात कुत्र्याला देवाच्या दारी जागा आहे. तरीही ओट्यावर चढलेल्या कुत्र्याला हाड-हाड आणि धोंडा, हीच रीत चालत आली. धोंडा बसलेला कुत्रा ओटा सोडतो, पण ओट्यावर चढू नये हे तो शिकत नाही. धोंडा मारणारा माणूस समोर असताना चढू नये, एवढेच तो शिकतो. शिक्षेची ही मर्यादा पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुणे व खडकी इथे इंग्रजांच्या छावण्या वाढल्या. साहेबांबरोबर स्पॅनियल आणि टेरियर आले, त्यांना सांभाळणारे नोकर आले, गळ्यात पट्टा घालून फिरवण्याची पद्धत आली. शिस्तीची कल्पनाही लष्करी होती. तिला ग्रंथाचे रूप जर्मनीत कॉनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली दिले. कुत्रा माणसासारखा विचार करून वागत नाही, त्याच्या कृतीला लगेच मिळालेल्या परिणामातून तो शिकतो, हे मोस्टने अचूक ओळखले होते. मात्र हा परिणाम घडवण्यासाठी त्याने काटेरी पट्टा आणि छडी यांवर फार भर दिला. अमेरिकेत विल्यम कोलर यांच्या १९६२ च्या पुस्तकाने साखळीचा झटका घरोघरी पोहोचवला. भारतात आजही विकली जाणारी चोक चेन याच परंपरेतली आहे.

या सक्तीला लांडग्याचे उदाहरण देऊन आधार दिला गेला. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे वर्तन अभ्यासून १९४७ साली लेख लिहिला. त्यातून कळपात वरचढ होण्यासाठी सतत झगडा चालतो, असे चित्र रूढ झाले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर नेले आणि कुत्र्याने मालकाला आव्हान देण्याआधीच त्याला दाबले पाहिजे, असा निष्कर्ष प्रशिक्षकांनी त्यातून काढला. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली आधीचे मत दुरुस्त केले. रानातला कळप म्हणजे आई-वडील आणि त्यांची पिल्ले. तिथे सत्ता जिंकावी लागत नाही. ती आई-वडिलांकडे असतेच. याचा पडताळा घ्यायला एल्समिअरला जावे लागत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील गवताळ माळांवर भारतीय लांडगा अजून आहे, आणि तोही कुटुंब करूनच राहतो.

महाराष्ट्रात कुत्र्यांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची मोठी परंपरा पोलिसांची आहे. मुंबई पोलिसांचे श्वानपथक डिसेंबर १९५९ मध्ये तीन डोबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. राज्यभरातल्या पथकांतील कुत्री पुण्यात, शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार होत आली. वाघोलीहून हे ठिकाण फार लांब नाही. याच केंद्रात शिकलेला झंजीर हा लॅब्राडोर १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर देशभर ओळखला गेला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसे शोधल्याची नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला.

स्फोटके हुंगणारा कुत्रा माराच्या जोरावर तयार होऊ शकत नाही. बसायला लावणे, शेजारून चालवणे हे दरडावून साधते, कारण चूक माणसाला दिसते. वासाचे तसे नाही. बॉम्ब कुठे आहे हे हँडलरलाच ठाऊक नसते. कुत्रा चुकला की बरोबर आहे, हे त्या क्षणी सांगणार कोण? घाबरलेला कुत्रा शोधणे सोडून हँडलरच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो, किंवा सुटका व्हावी म्हणून खोटी खूण देतो. म्हणून या शिक्षणाची सुरुवात खेळाने होते. आवडीचा चेंडू आणि स्फोटकाचा वास यांची सांगड घातली जाते. वास सापडला की कुत्र्याने न भुंकता, न उकरता शांत बसायचे, कारण धक्का लागला तर घात होईल. आणि बसताक्षणी चेंडू मिळतो. झंजीरसारखा कुत्रा तासन् तास वास घेत राहतो, तो या बक्षिसाच्या ओढीने. इतके जिवावरचे काम जर बक्षिसाने शिकवता येते, तर पाहुण्यांच्या अंगावर उडी मारू नये एवढ्यासाठी गळ्याला झटका द्यावा लागतो, हे म्हणणे टिकत नाही.

बक्षिसातून शिकवण्याच्या या पद्धतीचा सैद्धान्तिक पाया एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली आणि बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली घातला: ज्या कृतीतून फायदा होतो ती वाढते, ज्यातून काहीच मिळत नाही ती विरते. कॅरन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हे तत्त्व डॉल्फिनच्या तलावातून सामान्य घरांत आणले. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात झटके व दरडावणी वापरणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे आणि प्रशिक्षणानंतरचे कॉर्टिसॉल जास्त आढळले.

कायदाही बदलला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमात मारणे व छळणे याबरोबरच प्राण्याला फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये ठेवला गेला. तो फारच तोकडा आहे.

वाघोलीत या कलमाची गरज आता जास्त भासते. दगडखाणी, क्रशर आणि शेतमळ्यांच्या या गावात खराडीच्या आयटी वसाहतींमुळे उंच इमारती आल्या, आणि ३० जून २०२१ रोजी गाव पुणे महापालिकेत आले. मळ्यावरच्या कुत्र्याला दिवसभर काम असे. फ्लॅटमधला कुत्रा दोघेही नोकरीला गेल्यावर आठ-दहा तास एकटा असतो. चपला चावणे, लिफ्टच्या आवाजावर भुंकणे या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच सापडते. उपाय कारणावर करायचा असतो. कुत्रा लक्ष वेधायला उडी मारत असेल तर पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक करायचे. आरंभी उड्या वाढतात, कारण जुना उपाय चालेना म्हणून तो जोर लावून पाहतो. इथेच घरचे हार मानतात आणि खोड पक्की होते. लिफ्टची भीती असेल तर आवाज आधी दुरून, हळू ऐकवून सोबत खाऊ द्यायचा आणि अंतर हळूहळू कमी करायचे. घरात लघवी केलेल्या पिल्लाचे नाक त्यात घासले, तर ते पुढे पलंगाखाली लपून करू लागते. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला बाहेर नेणे हाच इलाज. गुरगुरण्यावर तर शिक्षा कधीच करू नये. तो इशारा असतो. तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रा न बोलता चावतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही हेच नियम लागू पडतात. दुचाकीमागे धावणाऱ्या कुत्र्याला दर वेळी यश येते, कारण गाडी निघून जाते. वेग कमी केला किंवा थांबले, की पाठलागाला अर्थ उरत नाही. अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत १९६० च्या कायद्याखालच्या २००१ च्या नियमांनी आणली. २०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रभागवार अशा जागा ठरवण्यास सांगितले. ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी अन्न मिळू लागले की कुत्री फाटकाशी घोटाळत नाहीत, माणसाच्या हाताला सरावतात आणि लस टोचण्यासाठी त्यांना जाळे टाकून पकडावे लागत नाही.