फेअरफर्डचे सेंट मेरी चर्च

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील फेअरफर्ड या लहान गावाचे पॅरिश चर्च. मध्ययुगीन चित्रकाचांच्या 28 खिडक्यांचा जवळजवळ संपूर्ण संच टिकून असलेले देशातील हे एकमेव पॅरिश चर्च होय.

हे वैभव लोकरीच्या पैशातून उभे राहिले. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरील मेंढ्यांची लोकर युरोपभर जाई. त्या व्यापारात गबर झालेल्या जॉन टेम याने 1490 च्या दशकात मधल्या मनोऱ्याचा खालचा भाग राखून बाकीचे चर्च नव्याने बांधायला घेतले. 1500 मध्ये तो वारला आणि मुलगा एडमंड याने काम पुरे केले. वास्तू ‘पर्पेंडिक्युलर’ या उत्तरकालीन गॉथिक शैलीची आहे. या शैलीत खिडक्या रुंद होतात, भिंती आक्रसतात. काचचित्रांना इथे एवढी जागा मिळाली ती त्यामुळेच.

काचा साधारण 1500 ते 1517 या काळातल्या. सातव्या हेन्रीचा राजकाचकार बर्नार्ड फ्लॉवर याच्या कार्यशाळेला त्यांचे श्रेय दिले जाते. चित्रांची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. आरंभ हव्वेच्या मोहापासून. त्याच खिडकीत मोशेचे जळते झुडूप आणि गिदोनची लोकर. लोकरीच्या व्यापाऱ्याला हा प्रसंग विशेष जवळचा वाटला असेल! पुढे ख्रिस्तजन्म, पूर्वेच्या मोठ्या खिडकीत वधस्तंभ, मग पुनरुत्थान. सभागृहात एका बाजूला बारा संदेष्टे, समोर बारा प्रेषित. वरच्या ओळीतही असाच सामना आहे: उत्तरेला धर्माचे छळकर्ते आणि त्यांच्या डोक्यावर सैतान, दक्षिणेला हुतात्मे आणि त्यांच्यावर देवदूत. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही उजेडाच्या साहाय्याने ही कथा क्रमाने वाचता येई, आणि आजही येते.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत आणि पुढच्या यादवी युद्धात इंग्लंडमधल्या असंख्य चर्चांच्या काचा फुटल्या. फेअरफर्डच्या वाचल्या. त्यांना मोठा तडाखा बसला तो 1703 च्या महावादळाचा. पश्चिमेच्या खिडकीत ‘अखेरचा न्याय’ चितारलेला आहे. तिचा वरचा अर्धा भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेला आहे. खालचा मात्र जुनाच. तिथे सैतानाच्या पोटावर दुसरे तोंड आहे, आणि एक राक्षस एका बाईला हातगाडीतून नरकात ढकलत नेतो आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने साऱ्या काचा उतरवून ठेवल्या होत्या. युद्धानंतर त्या पुन्हा बसवण्यात आल्या.