डॉक्टर वॉटसन यांची झांकली मूठ



माझ्या मास्तरकीच्या दिवसांत एका चुणचुणीत मुलानें भर वर्गांत मला विचारलें होतें, "मास्तर, डॉक्टर वॉटसनला गोळी लागली ती खांद्याला कीं पायाला?" तास इतिहासाचा आणि प्रश्न गोष्टीच्या पुस्तकांतला! मीं त्याला दटावून खालीं बसविलें. उत्तर मलाच ठाऊक नव्हतें, हें त्याचें खरें कारण. आतां सेवानिवृत्तीमुळें वेळ भरपूर आहे. तेव्हां त्या मुलाचें देणें आज आपल्या साक्षीनें फेडावें म्हणतों.

शंका मात्र बिनतोड होती. सर आर्थर कॉनन डॉइल यांची पहिली होम्सकथा 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अफगाणांची गोळी डॉक्टरांच्या खांद्याला लागते व हाड फुटतें. तीनच वर्षांनीं, 'द साइन ऑफ फोर'मध्यें, ती जखम पायांत उतरलेली दिसते! पुढें १८९२ च्या एका कथेंत तर ग्रंथकारांनीं गोळी नुसती 'एका अवयवांत' आहे असें मोघम लिहून आपली सुटका करून घेतली आहे.

डॉक्टरांच्या नांवाचीही तीच तऱ्हा. नांव जॉन, पण १८९१ मधील एका कथेंत त्यांची पत्नीच त्यांना जेम्स म्हणून हांक मारते. आपल्याकडील जुन्या वळणाची स्त्री नवऱ्याचें नांवच घेत नसे. त्यामुळें आपल्या लेखकांवर हा प्रसंग येण्याचें भय नव्हतें. डोरोथी सेअर्स या विदुषींनीं यावर तोड काढली ती अशी : जॉन एच्. वॉटसन यांतील 'एच्' म्हणजे हेमिश, आणि हेमिश हें स्कॉटलंडच्या गेलिक बोलींतील जेम्सचेंच रूप. वकिली करावी तर अशी!

हा शास्त्रार्थ थट्टेचा असला तरी त्याला परंपरा आहे. रोनाल्ड नॉक्स यांनीं १९११ सालीं ऑक्सफर्ड येथें एक निबंध वाचून, पंडित लोक धर्मग्रंथांची चिकित्सा करतात त्याच गंभीर चेहऱ्यानें होम्सकथांची चिकित्सा केली. १९४१ सालीं अमेरिकेंत रेक्स स्टाउट यांनीं तर वॉटसन हे पुरुषच नव्हते, होम्सच्या पत्नी होत्या, असें सिद्ध करून टाकलें. इतकें झाल्यावर एका निवृत्त मास्तरानें आपली कुडबुड पुढें केली तर आपण रागावणार नाहीं, अशी उमेद आहे.

माझा आधार डॉक्टरांच्याच एका वाक्याचा. आपण मुंबईस उतरलों तेव्हां आपली पलटण खिंडी ओलांडून पुढें गेली होती, असें ते लिहितात. मुंबईविषयीं एवढेंच! लंडनच्या धुक्यावर पानेंच्या पानें, आणि आमच्या मुंबईला अर्धें वाक्य? जेथें मनुष्य एवढा गप्प बसतो, तेथें कांहींतरी घडलेलें असतें. माझा तर्क असा कीं, गलबतावरून उतरतांना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून साहेबांचा पाय घसरला. हमालांनीं उचलून शिग्रामांत घातलें. शिग्रामवाल्यानें नवखें गिऱ्हाईक पाहून कुलाब्याला तीन फेऱ्या दिल्या. तेथील अफगाण चर्च १८५८ सालीं प्रतिष्ठित झालें. १८३८ ते १८४३ या काळांतील अफगाण मोहिमेंत पडलेल्यांचें तें स्मारक. दुखरा पाय घेऊन साहेब तेथें मृतांचें स्मरण करीत बसले असतील, तर अफगाणिस्तानांत जाण्याआधींच त्यांच्या पोटांत गोळा आला असला पाहिजे. पुढें बेकर स्ट्रीटवर पाय ठणकूं लागला कीं 'गोळी' म्हणावें, हें सोईचें. शेवाळावरून पडलों असें कोणता लष्करी डॉक्टर लिहील? झांकली मूठ सव्वा लाखाची.

खांद्याची गोळी मात्र खरी धरली पाहिजे. कारण ज्या लढाईंत ती लागली ती लढाई खरी आहे. २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें अयूबखानाच्या फौजेनें जनरल बरोज यांच्या सुमारें अडीच हजारांच्या तुकडीचा मोड केला. हजाराच्या आसपास माणसें पडलीं. वॉटसन ६६ व्या बर्कशायर पलटणीबरोबर होते. त्यांना मरे नांवाच्या अर्दलीनें ओझ्याच्या घोड्यावर आडवें घालून वांचविलें. मरे नसता तर पुढें होम्सच्या गोष्टी लिहिणारा कोणी उरलाच नसता. तरी मरेला मिळालें तें एकच वाक्य.

इतिहासाचा तास येथें सुरू होतो. त्या दिवशीं मैदानांत मुंबई सैन्याच्याही दोन पायदळ पलटणी होत्या : पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी, म्हणजे जेकब्स रायफल्स. फळी प्रथम त्यांच्या बाजूला मोडली, म्हणून पराभवाचें खापर पुष्कळदां त्यांच्याच माथीं फुटलें; पण त्यांचेही शेंकडों शिपाई तेथेंच पडले. डॉक्टरांच्या वृत्तांतांत या पलटणींचा नामोल्लेख नाहीं. ६६ व्या पलटणीच्या मृतांसाठीं इंग्लंडांत रेडिंग येथें १८८६ सालीं भला थोरला सिंह उभारला, आणि त्याखालीं त्यांचीं नांवें कोरलीं. त्या पलटणीचा बॉबी नांवाचा कुत्रा जखमी होऊनही वांचला. त्याला १८८१ सालीं व्हिक्टोरिया राणीनें स्वतः पदक दिलें. कुत्र्याचें मला वाईट वाटत नाहीं. तो शूरच होता. पण ग्रेनेडियर्सपैकीं एकाचें तरी नांव मुलांना सांगावें म्हटलें, तर इतकीं वर्षें इतिहास शिकवूनही माझ्या ओठांवर एकही येत नाहीं.

म्हणून पुढचा भाग पदरचा घालतों. जखमी साहेबाला घोड्यावर चढवणें एकट्या मरेला जमलें नसावें. लगाम धरावयास दुसरा कोणीतरी हवा होता, आणि तो मुंबईकडचाच कोणी शिपाई असावा. कंदाहारपर्यंतची वाट चाळीसांहून अधिक मैलांची, पाण्यावांचून. रात्रभर एका बाजूनें मरे आणि दुसऱ्या बाजूनें तो, असे दोघे चालले असतील. मरेनें त्याला नांव विचारलें असेल, त्यानें सांगितलेंही असेल. घोड्यावर आडवे पडलेले डॉक्टर तेवढे बेशुद्ध होते.