औषधांची पेटी

आमच्या शाखेतल्या मंडळींनी हरिश्चंद्रगडाची सहल ठरवली आणि सामानाची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एकच, मी बी.कॉम. आहे. मी रीतसर रकाने पाडले: जीव वाचवण्याचं सामान, औषधं आणि किरकोळ. दोरी, शिट्टी, टॉर्च, काड्यापेटी, क्रेप बँडेज, आयोडीन... यादी बघून आमची ही म्हणाली, "गडावर चाललात की आफ्रिकेत?"

आफ्रिका म्हटलं की मला डॉक्टर लिव्हिंग्स्टन आठवतात. नाईलचा उगम शोधायला हे गृहस्थ जानेवारी १८६६ मध्ये निघाले, ते चक्क आपल्या मुंबईहून! बरोबरचा लवाजमा बघा. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, गुलामगिरीतून सोडवून नाशिकच्या मिशनशाळेत वाढवलेले नऊ आफ्रिकी तरुण, सहा उंट, तीन म्हशी-रेडे, एक पारडू, दोन खेचरं आणि चार गाढवं. सहलीला पारडू! माझ्या यादीला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि औषधांची पेटी. डॉक्टर स्वतः हिवतापाने अनेकदा आडवे झालेले. क्विनीन, कॅलोमेल, जलाप आणि रेवाचिनी एकत्र करून त्यांनी एक जालीम गोळी बनवली होती. तिच्यातलं कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. आज कोणी डॉक्टर देणार नाही. पण क्विनीन खरं काम करायचं.

पुढे यादीतल्या एकेका बाबीवर फुली पडत गेली. जनावरं मेली. शिपाई परत पाठवावे लागले. जोहाना बेटावरच्या हमालांनी तर पळून जाऊन डॉक्टर मेल्याची बातमी झांजिबारला दिली आणि वर पगार मागितला! शेवटी २० जानेवारी १८६७ ला भर जंगलात दोन हमाल पसार झाले. औषधांची पेटी एरवी एका भरवशाच्या पोराकडे असे. नेमकी त्याच दिवशी ओझ्यांची अदलाबदल झालेली. पेटी गेली. आपल्याला मृत्युदंडच सुनावला गेला, अशा अर्थाचं डॉक्टरांनी रोजनिशीत लिहून ठेवलं.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. अहो, बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, त्या काय उगीच? सगळं क्विनीन एका डोक्यावर ठेवायचंच कशाला?

त्यानंतर डॉक्टर सहा वर्षं जगले. १८७१ मध्ये स्टॅन्लेने उजीजीला गाठून औषधं दिली, पण शरीर पोखरलं होतं. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या एका खेड्यात ते गेले. मग सुसी, मुंबईत शिकलेला चुमा आणि नाशिकच्या शाळेतला जेकब वेनराइट यांनी सोबत्यांसह काय करावं? डॉक्टरांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून वाळवला आणि हजाराहून अधिक मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये पोहोचले. ज्याचा पगार द्यायला साहेब उरला नव्हता, असं हे काम. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

तर आमची सहल. मी शहाणपणाने औषधांच्या दोन वेगळ्या पिशव्या केल्या आणि दोन्ही एस.टी.च्या एकाच फळीवर विसरून उतरलो. गड उतरताना आमच्या हेडकॅशियरांचा पाय मुरगळला. अंधार पडत आलेला, पाय टम्म सुजलेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे फक्त यादी होती, तीन प्रतींत.

बरोबर आलेल्या पाचनईच्या पोराने डोक्याचा टॉवेल सोडला, पाय करकचून बांधला आणि ऐंशी किलोंचे हेडकॅशियर पाठुंगळीला घेऊन तो चालू लागला. मी टॉर्च धरला. माझ्या सामानातली उपयोगी पडलेली तेवढी एकच वस्तू. खाली आल्यावर मी पाकीट काढलं, तर म्हणाला, "साहेब, आधी चहा तर घ्या."

घरी आल्यावर मी यादीत चौथा रकाना पाडला: 'सोबत कोण?'

हिने वाचलं आणि म्हणाली, "हा पहिला घ्या. आणि औषधं दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."