काठीची लांबी

भिंतीवर आपटण्याआधीच अंध विद्यार्थी थबकतो, हे काही शिक्षकांनी पाहिले असेल. भिंत त्याला कळते कशी? पूर्वी पुष्कळ अंध व्यक्ती सांगत, की कपाळाला, गालांना काहीतरी जाणवते. म्हणून या क्षमतेला ‘चेहऱ्याची दृष्टी’ असे नावच पडले होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सूपा, कॉट्झिन आणि डालेनबाख यांनी ती तपासली. सूपा स्वतः अंध होते. दोन अंध व्यक्तींना आणि डोळे बांधलेल्या दोन डोळसांना अडथळ्याकडे चालायला सांगण्यात आले. चेहरा जाड कापडाने झाकला, तरी अडथळा कळत होता. कान बंद केले, की माणूस धडकत होता! गालिच्यावर अनवाणी चालतानाही अंदाज चुकू लागे, कारण पावलांचा आवाजच होत नसे. म्हणजे जाणवत होता तो प्रतिध्वनी. हे निष्कर्ष १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळे बांधलेले डोळसही सरावाने हे शिकले, ही गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते.

मात्र कानांना भिंत सांगता येते, खड्डा नाही. त्यासाठी काठी हवी.

काठी तर जुनीच. पण ती आखूड असे, आधारासाठी. पांढरा रंग आला तोही इतरांनी पाहून बाजूला व्हावे म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेले सैनिक पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा रिचर्ड हूवर तेथे होते. युद्धापूर्वी ते अंधशाळेत शिक्षक होते. स्वतःचे डोळे बांधून ते चालून पाहू लागले. त्यांनी काठी हलकी आणि छातीपर्यंत पोहोचेल एवढी लांब केली. उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे टेकवायचे, डावे पडताना उजवीकडे. पुढचे पाऊल जिथे पडणार, ती जागा टोकाने आधीच चाचपलेली असते.

आम्ही हे व्हरांड्यात डोळे बांधून करून पाहिले. आखूड काठीने पायरी सांगितली तेव्हा पाय कडेवर पोहोचलेला होता. लांब काठीने एक पाऊल आधी सांगितली. थांबायला तेवढे पुरते. (पहिल्या पाच मिनिटांत वाटणारी भीती ही नवशिक्याची असते. तीच अंधत्व समजण्याची चूक आम्हीही केली.) झुकलेली फांदी मात्र या काठीलाही कळत नाही.

१९४८ मध्ये शिकागोजवळच्या हाइन्स येथे माजी सैनिकांसाठी केंद्र सुरू झाले. त्याचे प्रमुख रसेल विल्यम्स स्वतः युद्धात अंध झालेले होते. तेथे ब्रेल, टंकलेखन आणि हस्तकामाबरोबर चालणे हाही शिकवण्याचा विषय झाला. त्यासाठीचे शिक्षक घडवणारा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम बोस्टन कॉलेजात सुरू व्हायला १९६० उजाडले. सैनिकांच्या हाती लांब काठी येऊन तोवर सुमारे सोळा वर्षे झाली होती.