समुद्रतळाच्या चिखलातून जुना मान्सून कसा वाचतात?

कर्जत-खालापूरला जुलैत रेड अलर्ट आला की मी मोबाईलवर आधी रडारचं चित्र उघडतो. आजचा पाऊस दिसतो. पण मान्सून मुळात किती बदलू शकतो? भारतीय हवामान खातं १८७५ चं. त्याआधीच्या हजारो वर्षांची नोंद अरबी समुद्राच्या तळाशी चिखलात आहे.

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. मेले की त्यांची चुन्याची कवचं तळाशी थरावर थर साचतात. जहाजावरून पोकळ नळी घुसवून हे थर जसेच्या तसे वर काढतात, बारीक चाळणीत धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचं मोजतात. (गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही हे काम चालतं.) थराचं वय कार्बन-१४ वरून काढतात, तेही साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच.

माझी आवडती जात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स. नैऋत्येचे वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. म्हणजे थरात बुलॉइड्स जास्त, तर वारे जोरदार! २००३ मध्ये अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी याच मोजणीतून दाखवलं, की गेल्या सुमारे १०,००० वर्षांत उत्तर अटलांटिक थंडावला तेव्हा आपला मान्सूनही मंदावला.

मात्र बुलॉइड्स वारा सांगते, कर्जतला किती मिलिमीटर पडला ते नाही. पावसासाठी नदीमुखांजवळची कवचं तपासतात: गोडं पाणी मिसळलं की त्यांच्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं.