मिठाच्या पाण्याचा चेंडू

अंडरवॉटर रग्बी शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मी आधी एका चेंडूची गोष्ट सांगतो.

1961 साल, जर्मनीतलं कोलोन शहर. तिथल्या पाणबुड्यांच्या क्लबात लुडविग फॉन बेर्सुडा होता. त्याला पाण्याखाली चेंडू खेळायचा होता. हवेचा चेंडू वर येतो, म्हणून त्याने त्यात मिठाचं पाणी भरलं. चेंडू बुडू लागला. ढकलला की दोन-तीन मीटर जायचा, मग पाणी त्याला अडवायचं. एवढ्यावर खेळ उभा राहिला! मिठाला काय पैसे पडतात?

त्याला सामन्याचं रूप दिलं ते डुइसबर्गच्या फ्रान्त्स योझेफ ग्रिमआयझेन यांनी. 4 ऑक्टोबर 1964 ला पहिला अधिकृत सामना झाला आणि त्यांचाच क्लब म्युलहाइमकडून 5-2 असा हरला. 1980 साली पहिली जागतिक स्पर्धा भरली, तीही म्युलहाइमलाच.

आज दोन्हीकडचे सहा-सहा खेळाडू पाण्यात असतात. तलाव साडेतीन ते पाच मीटर खोल, दोन्ही टोकांना तळाशी लोखंडी टोपली. चेंडू ज्याच्या हातात, त्यालाच धरायचं. आपल्याला कबड्डी आठवेल. पण कबड्डीत दम टिकवणारा भाव खातो. इथे गोलरक्षक टोपलीवर पाठ टेकून पडतो आणि दम संपायच्या आत वर निघतो. त्याची जागा घ्यायला जोडीदार आधीच खाली निघालेला असतो.

हे मला उशिरा कळलं. लहानपणी आजोळच्या विहिरीत आम्ही पैज लावायचो, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. भराभर श्वास घेऊन मुंडी खाली. एकदा माझा मावसभाऊ वर आलाच नाही. मामाने उडी मारून काढला म्हणून वाचला. त्या भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटत नाही, आणि माणूस न कळता बेशुद्ध पडतो.

म्हणून एकट्याने सराव करू नका, आणि काठावर पाहणारा माणूस हवाच. मास्क, स्नॉर्कल, फिन्स घेऊन आधी उथळ पाण्यात पोहा. मग नाक दाबून हलकेच फुंकत कान मोकळे करत एकेक मीटर खाली जा. कान दुखले तर तिथूनच वर या. चेंडू त्यानंतर.