डॉक्टरांचा विमा आणि रुग्णाची भरपाई

उपचारात काही बिनसले की कुणीतरी नातेवाईक म्हणतोच, "डॉक्टरांचा विमा असतो, पैसे मिळतील." हे अर्धेच खरे आहे.

मेडिक्लेम तुमच्या उपचारांचा खर्च देतो. डॉक्टरांची इन्डेम्निटी पॉलिसी त्यांच्यावर आलेली भरपाई आणि खटल्याचा खर्च उचलते, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. त्यासाठी बहुधा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. काळजी घेऊनही टाके पिकू शकतात. तो निष्काळजीपणा नव्हे. १९५३ साली पुण्यात मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाचे हाड पुरेशी भूल न देता, जोर लावून बसवले गेले आणि तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना दोषी धरले ते उपचाराच्या या पद्धतीमुळे. भरपाई होती ३,००० रुपये.

गिरगाव-दादरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जन आणि भूलतज्ज्ञ अनेकदा बाहेरून येतात. त्यांची पॉलिसी वेगळी, नर्सिंग होमची वेगळी. म्हणून डिस्चार्ज कार्डावर उपचार करणाऱ्या प्रत्येकाचे नाव आहे ना, ते पाहा.

तक्रारीची चाहूल लागताच डॉक्टर अचानक गप्प होतात, हे कुटुंबाला फार लागते. विमा कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत सहसा असते. पण रुग्णाला काय झाले आणि पुढे काय करायचे, हे सांगायला ती अट आड येत नाही. ते नक्की विचारा.

कागद लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे. उपचारांसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

परळ भागातल्या पालिका रुग्णालयात उपचार झाले असतील तर मात्र आधी वकिलाला विचारा. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. केसपेपरच्या नाममात्र पैशांनी त्यात फरक पडत नाही. दिवाणी न्यायालयाचा मार्ग तिथेही खुला असतो.